पाच अक्षरी इंग्रजी शब्द, त्यात ही-ही अक्षरं: अडलेला शब्द कसा काढायचा

कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या मुलांना मी इंग्रजी शिकवतो. संध्याकाळ झाली की फोनवर एकाच धाटणीचे निरोप सुरू होतात. "सर, पाच अक्षरी शब्द पाहिजे, त्यात ए, आर आणि ई हाय. गावंना झालाय." कुणी वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा ऑनलाइन खेळ) खेळत असतं, कुणी पेपरातलं इंग्रजी कोडं सोडवत असतं, कुणाच्या धाकट्या बहिणीच्या वर्कशीटमध्ये चौकटी रिकाम्या असतात. उत्तर सांगितलं की तेवढ्यापुरतं भागतं. दुसऱ्या दिवशी अक्षरं बदलून तोच प्रश्न परत येतो. त्यामुळे एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. निरोप पाठवण्याआधी हे वाचा, बहुतेक अडचणी इथंच सुटतील.

शब्द येत असतो, तरी आठवत का नाही

पोरांना जे शब्द सापडत नाहीत ते अवघड नसतात. लाइट, वॉटर, ड्रीम, लार्ज, अर्थ. सहावीतल्या मुलालाही हे येतात. पण मराठीत आपण जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून शब्द आठवतानाही आपण कानाकडून आठवतो. कोडं मात्र डोळ्यांचं असतं. त्याला उच्चाराशी देणंघेणं नाही, कोणत्या चौकटीत कोणतं अक्षर आहे एवढंच ते विचारतं.

एक उदाहरण घ्या. पाच अक्षरी शब्द, त्यात जी आणि एच शेजारी-शेजारी. आपल्या मनात लगेच 'घ' उभा राहतो. घोस्ट सापडतो, फार तर घूल, आणि गाडी तिथंच थांबते. कारण इंग्रजीत या जोडीचा 'घ' फार थोड्या शब्दांत होतो. लाफ, रफ, टफ, कफ यांत तिचा 'फ' होतो. नाइट, लाइट, थाय, वे (म्हणजे वजन करणे), डो (म्हणजे मळलेली कणीक) यांत ती ऐकूच येत नाही. हे सगळे पाच अक्षरी शब्द आहेत आणि सगळ्यांत जी-एच आहे. ज्यानं 'घ' शोधला त्याला यातला एकही दिसणार नाही.

उलट बाजूही तशीच. उद्यमनगरातल्या गॅरेजच्या पाटीवरचा ब्रेक म्हणजे बी-आर-ए-के-ई. शाळेतल्या मधल्या सुट्टीचा ब्रेक म्हणजे बी-आर-ई-ए-के. उच्चार एक, अक्षरंही तीच पाच, फक्त क्रम वेगळा. त्याच पाच अक्षरांतून बेकर हा तिसरा शब्द निघतो आणि त्याचा उच्चार या दोघांच्या जवळपासही नाही. मुलगा मनात "ब्रेक" म्हणतो, एक स्पेलिंग घालून बघतो, बसलं नाही की शब्दच सोडून देतो. दुसरं स्पेलिंग आणि तिसरा शब्द राहूनच जातो. ग्रेटचंही तसंच: जी-आर-ई-ए-टी म्हणजे थोर आणि जी-आर-ए-टी-ई म्हणजे किसणे.

म्हणून पहिली सवय ही लावा, शब्द मनात म्हणायचा नाही, कागदावर चौकटी काढायच्या. पाच अक्षरी असेल तर पाच. जागा ठाऊक असलेलं अक्षर त्याच्या चौकटीत, बाकीची बाजूला.

प्रश्न नक्की कोणता आहे

निम्म्याहून अधिक निरोपांत मला हेच परत विचारावं लागतं. "त्यात ही अक्षरं आहेत" या एका वाक्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात, आणि प्रत्येकाची शोधायची तऱ्हा वेगळी.

कोल्हापूर हेच नाव घ्या. इंग्रजीत के-ओ-एल-एच-ए-पी-यू-आर, आठ अक्षरं. "फक्त याच अक्षरांतून शब्द करा" असं म्हटलं, तर पार्क, पोलर, पोल्का, अवर (म्हणजे तास), पोअर (म्हणजे ओतणे) आणि भेंडीचा ओक्रा निघतो. कोआला निघत नाही, कारण त्याला दोन ए लागतात आणि आपल्याकडे एकच आहे. हा झाला फक्त-चा प्रश्न.

"ही अक्षरं असलीच पाहिजेत, बाकी काहीही चालेल" हा दुसरा. के, पी आणि ए असलेला पाच अक्षरी शब्द म्हटलं तर पोल्का चालतोच, शिवाय स्पीकही चालतो. स्पीकमधले एस आणि ई कोल्हापूरमध्ये नाहीत, तरी हरकत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा, म्हणजे दुसरं अक्षर आर, शेवटचं ई. चौथा प्रश्न नकाराचा, म्हणजे एस, टी, एल नाहीतच. वर्डलमध्ये याचाच एक पोटभाग येतो आणि सगळ्यांत जास्त पोरं तिथं फसतात. तिथं हिरवी चौकट म्हणजे अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर, करडी म्हणजे ते अक्षर नाही, आणि पिवळी चौकट म्हणजे अक्षर आहे, पण या जागी नाही. पिवळीचा पहिला अर्धा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो, दुसरा विसरला जातो, आणि तेच अक्षर त्याच जागी पुन्हा घातलं जातं. वहीत पिवळ्या अक्षराखाली "२ नाही, ४ नाही" असं लिहून ठेवा.

ए, आर, ई: एक प्रश्न मुळापासून सोडवू

ही तीन अक्षरं वारंवार येतात त्याला कारण आहे. इंग्रजी मजकुरात सर्वांत जास्त वेळा येणारं अक्षर ई. वर्डलच्या मूळ उत्तरयादीत ई, ए, आर, ओ, टी ही पाच सर्वांत पुढं होती. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदानं स्क्रॅबलच्या (अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द करायच्या खेळाच्या) पूर्वीच्या रूपासाठी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजली होती. आजच्या इंग्रजी स्क्रॅबलमध्ये १०० सोंगट्या असतात. त्यात ई १२, ए ९, आय ९, आणि क्यू, झेड, एक्स, जे, के प्रत्येकी एकच. म्हणजे ए-आर-ई मिळाली की आनंद व्हावा इतकी ती साधी आहेत, पण साधी असल्यामुळेच शक्यता भरमसाट होतात आणि डोकं सुन्न होतं.

इथं शब्द आठवत बसू नका, साचे आठवा. या तीन अक्षरांचे नेहमीचे साचे हाताच्या बोटांवर मोजता येतात.

शेवटी न ऐकू येणारा ई, मध्ये ए, दुसरा आर: _ आर ए _ ई. क्रेन, क्रेट, क्रेव्ह, ग्रेप, ग्रेड, ग्रेस, ग्रेव्ह, ब्रेव्ह, फ्रेम, ट्रेड, ट्रेस, ड्रेप. मधल्या रिकाम्या चौकटीत अक्षरं एकेक करून घालत जा, नवेनवे निघत राहतात. हा साचा सगळ्यांत श्रीमंत आहे, म्हणून इथं सगळ्यांत जास्त वेळ द्या.

शेवटची तीन अक्षरं ए-आर-ई: _ _ ए आर ई. शेअर, स्पेअर, स्केअर, फ्लेअर, ग्लेअर, स्नेअर, आणि टक लावून पाहण्याचा स्टेअर. जिन्याचा स्टेअर एस-टी-ए-आय-आर, त्यात ई नाही. कानानं शोधलं तर हे दोन एकमेकांत मिसळतात. अवेअरही इथलाच, पण सुरुवातीच्या ए मुळे तो चटकन सुचत नाही.

ई आणि ए शेजारी: क्लिअर, ड्रीम, क्रीम, ब्रेड, हार्ट, लर्न, पर्ल, अर्थ, अर्ली, बिअर्ड. हे दहा शब्द मोठ्यानं म्हणून बघा. ई-ए या एकाच जोडीचे किती उच्चार झाले! पोरांना सगळ्यांत उशिरा सापडतात ते याच साच्यातले शब्द, आणि त्यांत हार्ट सर्वांत शेवटी, कारण "हार्ट" ऐकून ई आठवण्याचं काही कारणच नाही.

शेवटी ई-आर: वॉटर, पेपर, लेटर (म्हणजे नंतर), मेकर, ईगर, आफ्टर, अँगर.

आणि ए-आर मध्ये, ई शेवटी: लार्ज, बार्ज, कार्व्ह, फार्स.

बाकी राहिलेले, म्हणजे अलर्ट, अग्री, रेझ, ऑपेरा, हे साच्यात बसत नाहीत. ते शेवटी हाताळा.

एवढं झालं की नकार वापरा. टी नाही म्हणताच क्रेट, ट्रेड, ट्रेस, वॉटर, हार्ट, अर्थ एका फटक्यात गेले. नकारानं यादी होकारापेक्षा वेगानं आटते, हे पोरांना पटवून द्यायला मला वेळ लागतो.

_ आय जी एच टी: शेवटची चार अक्षरं मिळाली आणि तिथंच अडकलो

हा वर्डलचा ठरलेला सापळा. चार चौकटी हिरव्या, फक्त पहिलं अक्षर राहिलेलं, आणि पोरगा फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असं एकेक घालत बसतो. प्रयत्न सहाच असतात, तेही सुरुवातीला दोन-तीन संपलेले. यात एक शब्द तर यादीत येतच नाही, तो म्हणजे एट, आकडा आठ. ई-आय-जी-एच-टी. उच्चार पूर्ण वेगळा, म्हणून कानाच्या यादीत त्याला जागाच नाही. उलट व्हाइट, क्वाइट, स्पाइट हे कानाला याच घरातले वाटतात, पण त्यांच्या शेवटी आय-टी-ई आहे. लिहिण्याचा राइट डब्ल्यू-आर-आय-टी-ई, तोही या घरातला नव्हे.

उपाय असा. उत्तर साधायचा मोह एक डाव बाजूला ठेवा आणि जास्तीत जास्त पहिली अक्षरं एकाच वेळी तपासणारा शब्द घाला. फिल्म्स हा शब्द चांगला आहे, त्यात एफ, एल, एम, एस चारही येतात. एफ हिरवा झाला तर फाइट. एल पिवळा झाला तर लाइट, एम झाला तर माइट, एस झाला तर साइट. चारही करडे राहिले तर उरले एट, नाइट, राइट, टाइट. मग एंटर घाला. ई हिरवा म्हणजे एट, एन पिवळा म्हणजे नाइट, आर पिवळा म्हणजे राइट, आणि यातलं काहीच नाही तर टाइट. एंटरमधला टी चारही वेळा पिवळाच दिसणार, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. आठ शक्यता, आणि जास्तीत जास्त तिसऱ्या डावात उत्तर हातात.

हार्ड मोड लावलेला असेल तर हे चालत नाही, कारण तिथं मिळालेली हिरवी अक्षरं पुढच्या शब्दात ठेवावीच लागतात. ज्यांचा हार्ड मोड चालू आहे त्यांनी मुळात अशा गर्दीच्या शेवटाकडे लवकर जाऊ नये. हीच गर्दी _ ए टी सी एच (कॅच, मॅच, बॅच, वॉच, पॅच, हॅच, लॅच) आणि _ ओ यू एन डी (साउंड, राउंड, पाउंड, फाउंड, बाउंड) यांतही आहे. युक्ती तीच.

दुहेरी आणि मुकी अक्षरं

आपल्याकडे जोडाक्षर लिहिलं की ते बोलण्यात येतंच. पत्ता आणि पाता, कच्चा आणि काचा यांत कुणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजी हॅपी, फनी, हरी (म्हणजे घाई), सिली यांत मधलं अक्षर दोनदा आहे आणि कानाला एकदाच येतं. म्हणून पाच चौकटींपैकी चार भरल्या, पाचवीला काहीच बसेना, असं झालं की मी विचारतो, "हाताशी असलेलं एखादं अक्षर दोनदा घालून बघितलंस का?" बहुधा बघितलेलं नसतं.

वर्डलमध्ये दुहेरीचा नियम समजून घ्या. तुम्ही घातलेल्या शब्दात ई दोनदा असेल आणि उत्तरात एकदाच, तर एक ई रंगेल आणि दुसरा करडा होईल. तो करडा ई बघून "ई नाहीच" असा निष्कर्ष काढू नका. त्याचा अर्थ "दुसरा ई नाही" एवढाच.

मुक्या अक्षरांच्या जोड्या मात्र सरळ पाठ कराव्यात, दुसरा मार्ग नाही. सुरुवातीला के-एन (नाइफ, नॉक, नील), डब्ल्यू-आर (राँग, रिस्ट, राइट), जी-एन (नोम). शेवटी एम-बी (थंब, क्लाइंब). मध्ये डाउटमधला बी. के आणि एन दोन्ही मिळाले आणि काही सुचेना, तर पहिल्या दोन चौकटींत घालून बघा.

काही अक्षरं जागा सांगूनच येतात

व्ही इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा राहत नाही, त्याच्या मागे ई येतो. ब्रेव्ह, ड्राइव्ह, सॉल्व्ह, नर्व्ह, ट्वेल्व्ह. म्हणजे उच्चार 'व्ह'नं संपतोय असं वाटलं तर शेवटची चौकट ई ला देऊन टाका. जे शेवटी जवळजवळ येतच नाही. राज आणि ताज हे आपल्याकडून गेलेले शब्द अपवाद आहेत आणि स्क्रॅबलच्या यादीत चालतात. क्यू मागे यू असतोच असं शाळेत शिकवतात, ते बहुतेक वेळा बरोबर आहे. स्क्रॅबल खेळणाऱ्यांनी मात्र निकाब आणि फकीर लक्षात ठेवावेत, दोन्ही पाच अक्षरी आणि दोन्हीत यू नाही.

सुरुवातीला तीन व्यंजनांचा उच्चार सलग झाला तर पहिलं एस असतं: स्ट्र, स्प्र, स्क्र, स्प्ल. टी, आर आणि एस तिन्ही सुरुवातीलाच हवेत असं वाटत असेल, तर क्रम एस-टी-आर हाच.

ए, ई, आय, ओ, यू पाचही करडे झाले की पोरं घाबरतात आणि गेम बिघडलाय म्हणतात. बिघडलेला नाही. अशा वेळी वाय स्वराचं काम करतो. क्रिप्ट, लिम्फ, निम्फ, ग्लिफ, पिग्मी, ट्रिस्ट, शायली, स्लायली. यादी लहान आहे, एकदा वहीत उतरवून ठेवली की झालं.

आपल्या रोजच्या बोलण्यातलेही कितीतरी शब्द इंग्रजी शब्दकोशांत आहेत, ते विसरू नका. रुपी, पैसा, क्रोअर, सितार, तबला, धोती, स्वामी. सगळे पाच अक्षरी. क्रोअरमध्ये तर आर दोनदा आहे. हे आपल्याला इतरांआधी सुचले पाहिजेत.

स्पेलिंग अमेरिकन की ब्रिटिश

आपल्या पाठ्यपुस्तकांत कलर सहा अक्षरी आहे, सी-ओ-एल-ओ-यू-आर. अमेरिकन स्पेलिंगमध्ये यू नाही, म्हणून पाच. ह्यूमर, फेवर, ऑनर, लेबर, रूमर यांचंही तेच. वर्डल जॉश वॉर्डल यांनी बनवला आणि २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. जानेवारी २०२२ मध्ये तो न्यू यॉर्क टाइम्सनं विकत घेतला. तिथं अमेरिकन स्पेलिंग चालतं, आणि ह्यूमर अमेरिकन रूपात उत्तर म्हणून आलेला आहे. ब्रिटिश कोड्यांत उलट. एकाच चौकटीनं शब्द लांब किंवा आखूड होत असेल तर आधी हे तपासा. सेंटर आणि फायबरमध्ये लांबी बदलत नाही, पण शेवटचा आर-ई उलटून ई-आर होतो.

आणखी एक. वर्डलचं उत्तर साधारणपणे नुसता एस किंवा ई-एस लावून केलेलं अनेकवचन नसतं. घालायला चालतं, उत्तर म्हणून येत नाही. पेपरातल्या कोड्यात मात्र सूचना अनेकवचनी असेल तर शेवटी एस बहुधा असतोच, आणि भूतकाळी असेल तर ई-डी. तिथं सूचना नीट वाचली तर एक-दोन चौकटी फुकट मिळतात.

नेटवर शोधलं तरी चुकीची यादी येते

पुस्तकाची डिक्शनरी इथं फारशी कामाची नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. तिथं बसून कुठलीही इंग्रजी डिक्शनरी उघडलीत तरी ती पहिल्या अक्षराच्या क्रमानंच असणार, आणि आपल्याला नेमकं तेच अक्षर ठाऊक नसतं. म्हणून साचा घेऊन शोधणारं साधन लागतं.

नुसतं सर्च इंजिनात वाक्य टाकलं की "या अक्षरानं सुरू होणारे" शब्दच जास्त येतात. त्यापेक्षा वनलुक ही शब्दकोश-शोधाची जागा वापरा. तिथं ? म्हणजे कोणतंही एक अक्षर आणि * म्हणजे कितीही अक्षरं. पाच अक्षरी शब्दात वाय कुठंही हवा असेल तर ?????,*वाय* असं लिहायचं. मी वाय देवनागरीत लिहिलाय, तुम्ही तिथं इंग्रजी अक्षर टाका. स्वल्पविराम म्हणजे "हेही आणि तेही". साच्याच्या शेवटी उणे चिन्ह देऊन अक्षरं लिहिली तर ती वगळली जातात, अधिक चिन्ह देऊन लिहिली तर फक्त तीच वापरली जातात. म्हणजे वर सांगितलेले चारही प्रश्न तिथं वेगवेगळे विचारता येतात.

"सर, एकबी शब्द दाखवंना" अशी तक्रार आली तर तीन गोष्टी बघा. एक, फोनच्या कीबोर्डनं सुचवलेला पर्याय निवडल्यावर शेवटी आपोआप एक मोकळी जागा पडते, ती दिसत नाही पण साच्यात मोजली जाऊ शकते. ती खोडा. दोन, कीबोर्ड मराठीवर राहिलाय का? तीन, प्रश्नचिन्हं मोजा. सहा पडलेली असतात.

नेट नसेल किंवा रोज लागत असेल, तर शब्दांची यादी एक्सेलमध्ये ठेवा, एका ओळीत एक शब्द. शेजारच्या रकान्यात लेन सूत्रानं लांबी काढा आणि ५ ची गाळणी लावा. मग काउंटइफ. त्याला *ए* असा साचा दिला की अक्षर त्या शब्दात कुठंही असलं तरी १ मिळतो, नसलं तर ०. ए, आर, ई तिन्हींचे काउंटइफ एकमेकांना गुणा, जिथं १ उरेल ते तुमचे शब्द. अक्षर दोनदा हवं असेल तर साचा *ई*ई* असा. जागा ठरलेली असेल तर ?आर??ई.

इथं एक बिघाड हमखास होतो. डोळ्यांना पाच अक्षरं दिसतात आणि लेन सहा सांगतं. यादी कुठून तरी उतरवून घेतलेली असते आणि प्रत्येक शब्दामागे न दिसणारी मोकळी जागा किंवा ओळ संपल्याची खूण चिकटलेली असते. ट्रिम मोकळ्या जागा काढतं, क्लीन त्या खुणा काढतं. दोन्ही एकात एक घालून नवा रकाना करा आणि लांबी त्यावरून मोजा. टेक्स्ट एडिटरमध्ये साचा वापरणाऱ्यांनी (तिथं टिंब म्हणजे कोणतंही एक अक्षर) पाच टिंबांच्या आधी ^ आणि नंतर $ द्यायला विसरू नये, म्हणजे ^.....$ असं. नाहीतर मोठ्या शब्दांतले पाच अक्षरी तुकडेही येतात आणि यादी फुगते.

यादी कोणती घेता तेही बघा. वर्डल बारा हजारांवर शब्द घालू देत होता, पण त्याची मूळ उत्तरयादी तेवीसशेच्या आसपास होती. स्क्रॅबलसाठी मोठी यादी हवी, वर्डल आणि शाळेच्या वर्कशीटसाठी रोजच्या वापरातल्या शब्दांची लहान. मोठ्या यादीतून कधी न ऐकलेले शब्द येतात आणि पोरगं नेमकं त्यातलंच एक घालून डाव घालवतं.

सगळं केलं, तरी शब्द नाही

मग हातातली अक्षरं खरी आहेत का ते बघा. पेपरातल्या कोड्यात आडव्या शब्दाचं अक्षर उभ्या शब्दातून आलेलं असतं. तो उभा शब्द चुकला असेल तर आडव्याचं उत्तर अस्तित्वातच नसतं, कितीही शोधा. साच्याला एकही शब्द न मिळणं ही मोठी खूण समजा आणि छेदणारे शब्द पुन्हा तपासा, विशेषतः ज्यांच्याबद्दल आधीपासून शंका होती ते. वर्डलमध्ये अक्षरं चुकीची नसतात, तिथं नकाराची यादी तपासा. करडं समजून खोडलेलं अक्षर दुहेरीतलं होतं का?

आणि त्यानंतरही मला विचारायचंच असेल तर जरूर विचारा. फक्त निरोप असा लिहा: पाच अक्षरी. दुसरं आर, शेवटचं ई. ए आहे, पहिल्या जागी नाही. एस, टी, एल नाहीत. वर्डल, अमेरिकन स्पेलिंग.

यात ए ला उरल्या तिसरी आणि चौथी चौकट. चौथ्यात घातला तर शब्द ए-ई नं संपतो, तसे शब्द इंग्रजीत विरळा आणि दुसरा आर असलेला नेहमीचा एकही नाही. म्हणजे ए तिसऱ्यात, आणि साचा _ आर ए _ ई. मी तिथूनच सुरू करीन, तुम्हीही करून बघा.